एक कमळकाकडी, दोन ताटं

आमच्या स्वयंपाकघरात दोन पथ्यं एकत्र नांदतात. सासूबाईंना, म्हणजे आईंना, मधुमेह आहे. सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, किडनी कमजोर आहे. डायलिसिसची वेळ आलेली नाही, पण रक्तातलं पोटॅशियम वर सरकतं, म्हणून डॉक्टरांनी त्यावर नजर ठेवायला सांगितलंय. एकाला जे चांगलं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे आम्ही नारळपाणी, पालक, संत्री अशा एकेका गोष्टीवरून शिकत गेलो. नागपुरात राहून संत्र्याला नाही म्हणायचं, हे बाबांना फार जड गेलं. कमळकाकडी, म्हणजे कमळाचा कंद, घरात आली ती आईंच्या पथ्यासाठी. ती दोघांच्या ताटात कशी बसवायची हे ठरवण्यात मात्र आमचा अख्खा हिवाळा गेला. त्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, कारण या भाजीबद्दल जे कानावर येतं त्यात औषधी गुणांचे दावे भरपूर असतात. ती कोणाला द्यायची, किती द्यायची आणि कशी शिजवून द्यायची, हे सांगणारं कोणी भेटत नाही.

सुरुवात झाली ती आलूवरून. आईंना आलू अतिशय प्रिय. पोह्यात आलू, वांग्यात आलू, भाजी कमी पडली तर त्यात आलू. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की आलू पूर्ण बंद करायची गरज नाही, पण तो भाजी म्हणून मोजू नका, पोळीच्या हिशेबात धरा, आणि चोथा जास्त असलेल्या भाज्या वाढवा. आईंना चोथ्याच्या भाज्या म्हणजे शिक्षा वाटायची. गवार नको, कोबी नको. चावायला काहीतरी भरीव हवं आणि रश्श्यात घातल्यावर त्याने रस्सा पिऊन घेतला पाहिजे, अशी त्यांची अट.

आम्ही जरीपटक्याला लागून राहतो. शेजारच्या आंटी सिंधी आहेत, त्यांच्या घरी कमळकाकडी म्हणजे बीह. लग्नकार्याला, पाहुणे आले की, रविवारी, बीह हवीच. त्यांना आमची अडचण सांगितली तर त्या लगेच म्हणाल्या, "आलू छोड़ना है तो बीह पकड़ लो बेटा. पर लाना मेरे साथ, अकेली मत जाना."

त्यांच्यासोबत गेले ते फार बरं झालं. जरीपटक्याच्या बाजारात थंडीच्या दिवसांत हिरव्या लसणाच्या जुड्यांशेजारी कमळकाकडीचे ढीग लागलेले असतात. भाव आलूच्या तिप्पट-चौपट. आंटींनी ढिगातला एकेक तुकडा उचलून त्याची दोन्ही टोकं पाहिली. कमळाचा हा कंद म्हणजे चिखलात आडवं वाढणारं खोड. त्याला थोड्या थोड्या अंतरावर गाठी असतात आणि दोन गाठींच्या मधला भाग फुगलेला असतो. दोन्ही बाजूंची गाठ शाबूत असेल तर आतल्या पोकळ्या बंद राहतात आणि चिखल आत शिरत नाही. गाठ तोडलेली असली की भोकांतून गाळ आत जातो, आणि तो काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. "जोड़ देखके लेना," एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. बाकीच्या खुणा मी हळूहळू शिकले: रंग मळकट पांढरा ते फिका तपकिरी असावा, हातात वजन लागावं, बोटाने दाबल्यावर मऊ लागू नये, काळपट ओले डाग नसावेत. फार पांढरीशुभ्र, धुवून चकचकीत केलेली पाकिटातली मी घेत नाही. मातीचा हात लागलेली जास्त टिकते.

पुढे कळमन्याच्या बाजूला एक छत्तीसगढी मावशी भेटल्या, त्यांच्याकडेही हीच भाजी मिळते. नागपुरातली छत्तीसगढी कुटुंबं तिला ढेंस म्हणतात आणि ताकात शिजवतात. म्हणजे आमच्याच शहरात दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या ही भाजी खात आले होते आणि आमच्या घरात ती कधी आली नव्हती.

पहिल्या दिवशी पिशवी रिकामी केली तर आई म्हणाल्या, "हे काय व? बांबूचे तुकडे आणले का तू?" कापल्यावर मात्र त्या उठून जवळ आल्या. चकती उजेडासमोर धरली की मधल्या छोट्या भोकाभोवती मोठी भोकं गोल मांडलेली दिसतात. दोन तुकडे ओढून वेगळे केले की मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात, तुटतच नाहीत. झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भिंतींमध्ये स्प्रिंगसारखे वेटोळे असतात, ते उलगडत जातात म्हणून ते असे लांबतात. म्यानमारमध्ये इनले तलावाकाठचे लोक कमळाच्या देठांतून असेच तंतू काढून कापड विणतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पाणवनस्पतींचा धडा आला की आता एक कमळकाकडी घेऊनच वर्गात जाते.

साफ करण्याची आमची पद्धत आता पक्की झाली आहे. आधी अख्खा कंद नळाखाली ब्रशने घासायचा. मग गाठी कापून टाकायच्या आणि साल सुरीच्या पाठीने खरवडायची. साल पातळ असते, सोलाण्याने काढली तर बराच गर जातो. मग तिरक्या चकत्या. प्रत्येक चकती उजेडासमोर धरून पाहायची आणि भोकात काळं काही दिसलं तर नळाच्या धारेखाली धरायची, नाहीतर काडीला कापडाची चिंधी गुंडाळून फिरवायची. कापलेल्या चकत्या हवेत ठेवल्या की लालसर-तपकिरी पडतात, म्हणून त्या लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायच्या. लोखंडी कढईत ही भाजी करू नये. कंदातले टॅनिन लोखंडाशी भिडतात आणि भाजी काळी-निळी होते. खाण्याला धोका नाही, पण ताटात बघवत नाही. लिंबाबद्दल अजून एक: शिजवतानाच चिंच-लिंबू घातलं तर चकत्या मऊ होत नाहीत, कुरकुरीत राहतात. मऊ हवी असेल तर आंबट शेवटी घालायचं. आईंचे दात आता तितके मजबूत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे आधी कुकरच्या चार-पाच शिट्या, मग फोडणी, मग आंबट.

कच्ची खाऊ नका, हे मी अगदी ठासून सांगते. चवीला ती कच्चीही गोडसर, करकरीत लागते आणि सॅलडमध्ये घातलेली दिसते. पण तलावातल्या वनस्पतींवर फॅसिओलॉप्सिस बुस्की नावाच्या चपट्या कृमीची अळीअवस्था चिकटलेली असू शकते. गोगलगाय, पाणवनस्पती आणि माणूस किंवा डुक्कर अशा साखळीतून हा कृमी आतड्यात पोचतो. भारतातही त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. शिंगाडा दातांनी सोलून खाण्यातला धोका तोच. साल काढून, नीट उकळून खाल्लं की हा प्रश्न मिटतो. त्यामुळे आमच्या घरात कमळकाकडी आधी उकडली जाते आणि मगच पुढचं काही होतं.

आता आकडे. भाजी घरात आल्यावर मी अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नघटकांचा तक्ता उघडून बसले, कारण त्यात कच्ची आणि उकडलेली अशा दोन्ही कमळकाकडीची माहिती वेगवेगळी दिली आहे. १०० ग्रॅम कच्च्या कंदात ७४ कॅलरी, १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, ४.९ ग्रॅम चोथा, २.६ ग्रॅम प्रथिनं, ४४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ५५६ मिलिग्रॅम पोटॅशियम. उकडून पाणी काढून टाकलेल्या १०० ग्रॅममध्ये ६६ कॅलरी, १६ ग्रॅम कर्बोदकं, ३.१ ग्रॅम चोथा, २७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ३६३ मिलिग्रॅम पोटॅशियम. शेजारी उकडलेला, सोललेला आलू ठेवला: ८६ कॅलरी, २० ग्रॅम कर्बोदकं, चोथा दोन ग्रॅमच्या आसपास, क जीवनसत्त्व जेमतेम ७ मिलिग्रॅम, पोटॅशियम ३२८ मिलिग्रॅम.

ही तुलना मी कागदावर लिहून फ्रीजवर लावली, कारण घरातल्या सगळ्यांचे गैरसमज तिने एकदम दूर केले. आईंना वाटत होतं की ही "शुगरची भाजी" आहे, कितीही खाल्ली तरी चालेल. तसं नाही. कर्बोदकं आलूपेक्षा थोडीच कमी आहेत. फायदा आहे तो चोथ्याचा, तो दीडपट आहे. आणि क जीवनसत्त्वाचा, जे उकडूनही तिपटीहून जास्त उरतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एक मोठी वाटी उकडलेली कमळकाकडी त्यातला चांगला मोठा वाटा उचलते. संत्र्याच्या शहरात ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण आमच्या घरी संत्रं कापताना आता दहा वेळा विचार करावा लागतो.

आहारतज्ज्ञ बाईंना हा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि नियम घालून दिला: कमळकाकडीची वाटीभर भाजी असेल त्या जेवणात आईंची एक पोळी कमी. भाजीच्या जागी भाजी असं धरू नका, धान्याच्या जागी धरा, आणि सोबत पालेभाजी किंवा काकडी-मुळा वेगळा ठेवा. आईंना हे पटायला वेळ लागला. पोळी कमी करायची म्हटलं की त्यांना उपाशी ठेवल्यासारखं वाटतं.

मग आम्ही घरीच ग्लुकोमीटरवर पाहायचं ठरवलं. जेवण तेच, वेळ तीच, एका दिवशी उकडलेला आलू आणि एका दिवशी तितक्याच वजनाची उकडलेली कमळकाकडी. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी मोजायचं. काही आठवडे आलटून पालटून हे केलं. कमळकाकडीच्या दिवशी आकडा बहुतेक वेळा खाली असायचा, पण फार नाही, आणि कधी बरोबरीनेही आला. पोळी कमी न करता वर वाटीभर कमळकाकडी खाल्ली त्या दिवशी तो सरळ वर गेला. एका घरातल्या एका व्यक्तीच्या नोंदींवरून कोणी नियम काढू नये. आमच्यापुरतं मात्र त्या वहीने काम केलं. आई स्वतःच आता वाढताना म्हणतात, "आज ही भाजी हाय तं पोळी एकच."

या कंदाने साखर उतरते असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्याच्या मुळाशी काय आहे ते शोधलं. जादवपूर विद्यापीठातल्या पुलोक मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कमळाच्या कंदाच्या अर्काचा प्रयोग उंदरांवर केला होता आणि त्यांच्या रक्तातली साखर कमी झालेली दिसली होती. काम महत्त्वाचं आहे. पण तो अर्क होता, ठरावीक मात्रेत दिलेला, आणि प्राणी प्रयोगशाळेतले. आपल्या ताटातली भाजी म्हणजे तो अर्क नाही. आईंच्या गोळ्या या भाजीमुळे कमी करायचा विचारही कोणी करू नये. माझ्या ओळखीत एका आजोबांनी असल्याच कुठल्यातरी कंदाच्या भरवशावर गोळ्या सोडल्या होत्या. त्यांच्या पायाची जखम भरायला जे महिने लागले ते मी जवळून पाहिले आहेत.

तसंच रक्तवाढीचं. नणंदेचं हिमोग्लोबिन कमी आहे. तिला कोणीतरी सांगितलं की कमळकाकडी म्हणजे लोहाचं भांडार. उकडलेल्या १०० ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही थोडं कमीच आहे, आणि तिच्या वयाच्या स्त्रीसाठी २०२० ची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची. वाळवलेल्या कमळकाकडीचे आकडे मोठे दिसतात, कारण ताज्या कंदात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं. ते उडून गेलं की प्रत्येक घटक तेवढ्याच वजनात चार-पाच पट दिसू लागतो. पण वाळवलेली आपण शंभर ग्रॅम खात नाही, मूठभर भिजवतो. तिला मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घ्यायला लावल्या. भाजी ती आवडते म्हणून खाते.

आता दुसरं ताट. फ्रीजवरच्या त्या कागदावर बाबांची नजर पोटॅशियमच्या ओळीवर गेली. आलूपेक्षा कमळकाकडीत ते थोडं जास्तच आहे. रक्तदाब असलेल्या पण किडनी ठणठणीत असलेल्या माणसाला हीच गोष्ट फायद्याची, कारण पोटॅशियम भरपूर आणि मूळचं सोडियम अगदी थोडं. बाबांसाठी मात्र उलटं. किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकली नाही की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. म्हणजे एकाच घरात, एकाच कुकरमधून निघालेली भाजी आईंना बरी आणि बाबांना जपून. बाबा काही बोलले नाहीत, पण आणखी एक पदार्थ हातातून गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला ते सहन झालं नाही.

त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, आणि वाटी लहान ठेवा, आठवड्यातून एखादा दिवस, बाकी पोटॅशियमच्या गोष्टी त्या दिवशी नकोत, असं त्यांनी सांगितलं. रात्रभर नुसतं भिजत ठेवलं तर चालेल का, हेही मी विचारलं, कारण तशी सूचना खूप ठिकाणी ऐकायला मिळते. भिजवण्यावर विसंबू नका, म्हणाले. आलूवर या बाबतीत प्रयोग झालेले आहेत: नुसतं भिजवून पोटॅशियममध्ये फारसा फरक पडला नाही, फोडी उकळल्यावर ते निम्म्याच्या आसपास आलं, आणि किसून उकळल्यावर त्याहून बरंच कमी झालं. पाणी जितक्या पृष्ठभागाला भिडेल आणि जितकं गरम असेल, तितकं ते बाहेर येतं.

तेव्हापासून आमच्याकडे कमळकाकडीच्या दिवशी दोन भांडी चढतात. आईंच्या भांड्यात पाणी बेताचं आणि ते सगळं रश्श्यात जातं, कारण क जीवनसत्त्व आणि बाकीचे विरघळणारे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. बाबांच्या पातेल्यात पातळ चकत्यांचे चौकोनी तुकडे, वर चिक्कार पाणी, खळखळून उकळी, आणि पाणी मोरीत. मग दोन्हींना एकच फोडणी. बाबांच्या वाटीत मीठ कमी आणि कोथिंबीर जास्त. चव थोडी सपक होते हे खरं. आंटींनी त्यावर उपाय सुचवला: बाबांच्या तुकड्यांना उकळल्यावर हिरव्या लसणाच्या पातीत थोडं परतून घ्यायचं. त्या पहिल्या वाटीनंतर बाबांनी आणखी मागितली आणि मला नाही म्हणावं लागलं. त्यांच्या पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम मर्यादेत होतं, म्हणून आम्ही हे चालू ठेवलं. तपासणीशिवाय ठेवलं नसतं.

हिवाळ्याच्या शेवटी, पाणी उतरू लागल्यावर, नवऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या गावी जाणं झालं. भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अलीकडे. त्या भागात मालगुजारी तलावांची, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांची, माळ आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मासे, शिंगाडे आणि पाण्यातलं बाकी सगळं धीवर समाजाच्या हातचं. मला कंद निघताना पाहायचा होता.

कंबरभर पाण्यात उभं राहून माणसं पायाच्या बोटांनी चिखल चाचपत होती. वाळलेल्या पानाचा देठ धरून खाली खाली जायचं, पायाला कंद लागला की त्याच्या दिशेने चिखल मोकळा करायचा, मग खाली वाकून, कधी पूर्ण बुडी मारून, तो न तुटता बाहेर काढायचा. गाठ तुटली की भाव तुटतो, असं एक काका म्हणाले. टोकाचा कोवळा शेंडा ते चिखलात राहू देतात, पुढच्या पावसात पानं त्याच्यापासूनच फुटतात. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या बाया जाड-बारीक वेगळे करत होत्या. थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहून हे काम होतं. बाजारात भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ते पाहावं.

तिथल्या एका पोराने मला कमळाचं एक हिरवं पान देठासकट आणून दिलं. देठाचं खालचं टोक पाण्यात बुडवून पानाच्या बाजूने जोरात फुंकर मारली तर खाली बुडबुडे आले. देठात आणि कंदात असलेली ती भोकं म्हणजे झाडाचा श्वासमार्ग. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. वर पाण्याबाहेर असलेलं पान हवा आत घेतं, ती देठातून खाली कंदापर्यंत पोचते आणि दुसऱ्या पानांतून बाहेर पडते. त्या पोराला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं हा विषय शिकवूनही कधी फुंकर मारून पाहिली नव्हती.

तिथेच पाण्याचा विषय निघाला. त्या तलावाच्या कडेने बेशरम नावाची झुडपासारखी वनस्पती माजली होती. ती उपटून काढण्यासाठी गावकरी श्रमदान करतात, कारण ती वाढली की कमळ आणि देशी पाणवनस्पती मागे पडतात, मासेही कमी होतात. आणि कंद ज्या गाळात वाढतो त्या गाळातलं शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही शोषून घेऊ शकतो. शिजवून जंतू मरतात, पण धातू कुठे जात नाहीत. म्हणून शहराच्या पोटात असलेल्या, नाले मिळणाऱ्या, मूर्ती विसर्जनाच्या कुठल्याही तलावातला कंद मी घरात आणत नाही. विक्रेत्याला कंद कुठला हे विचारते. ज्यांना माहीत असतं ते आनंदाने सांगतात, गावाचं नावही सांगतात. पौष्टिकतेचे सगळे आकडे स्वच्छ पाण्याच्या भरवशावर उभे आहेत. खेड्यातले तलाव नीट राहिले तर ते त्या गावांचंही भलं आहे आणि आमच्या ताटाचंही.

मखाणे म्हणजे कमळाच्याच बिया, असं सांगणारे खूप भेटतात. मखाणे वेगळ्या काटेरी पाणवनस्पतीच्या बिया आहेत. शिंगाडा तर तिसरीच वनस्पती, आणि तो कंद नसून पाण्यावर तरंगणाऱ्या पानांखाली धरणारं फळ आहे. तिघांचे अन्नघटक वेगळे, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. साखरेच्या रुग्णाने उपवासाला शिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्या "पौष्टिक" म्हणून खाणं तर अजिबातच नको.

आमच्या घरात सगळ्यात रुळलेला प्रकार सांगते, कारण आंटींच्या बीहपासून निघून तो आता पुरता वऱ्हाडी झाला आहे. पौष-माघात तुरीच्या ओल्या शेंगा येतात, त्यांचे सोले काढायचे. कमळकाकडी शिट्या करून घ्यायची. सुकं खोबरं, कांदा आणि खसखस भाजून वाटायची, तेल बेताचं. सोले आधी परतायचे, मग वाटण, मग कमळकाकडी तिच्याच पाण्यासह, शेवटी चिंचेचा कोळ. चकतीच्या भोकांत रस्सा भरून राहतो, आईंना नेमकं तेच हवं होतं. सोल्यांमुळे प्रथिनं येतात, चोथा आणखी वाढतो. सोबत ज्वारीची भाकर अर्धी. बाबांना सोले चालत नाहीत, त्यांची वाटी लसणाच्या पातीची. तळलेल्या चकत्यांचे चिप्स पोरांना आवडतात, पण ते सणासुदीपुरतेच. तळल्यावर तेल इतकं शिरतं की ७४ कॅलरीचा हिशेब उरत नाही.

होळीनंतर ताजा माल कमी होतो आणि जो येतो तो तंतुमय निघतो. म्हणून फेब्रुवारीतच थोड्या जास्त आणून, मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन, चकत्या गच्चीवर पातळ कापडाखाली वाळवते. नागपूरच्या उन्हाला त्यासाठी दोन-तीन दिवस पुरतात. चकती वाकवली की कट्कन मोडली पाहिजे, नाहीतर डब्यात बुरशी धरते. वापरताना तासभर कोमट पाण्यात भिजवायच्या आणि पाणी काढून टाकायचं, कारण मीठ त्यातच असतं. बाबांसाठीच्या चकत्या मी वेगळ्या वाळवते, साध्या पाण्यात उकळलेल्या, आणि त्या बरणीवर त्यांचं नाव लिहून ठेवते, म्हणजे घाईच्या दिवशी कोणी चुकून दुसरी उघडणार नाही.